यादीतला शेवटचा रकाना

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला अर्धी माहीत आहे, आईला उलटी माहीत आहे, आणि पूर्ण — पूर्ण अशी कुणालाच नाही. सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत माझी टकळी एक दिवस बंद नव्हती, आमच्या अख्ख्या बिल्डिंगला विचारा. भाजीवाला मला येताना पाहून तराजू आधीच सरळ करून ठेवतो. सगळ्यांचं सगळं मी बोलते. फक्त हे एक जिभेवर यायचं आणि मी ते परत आत ढकलायचे.

आज का सांगते आहे? बोरकरबाई गेल्या म्हणून? त्या गेल्या मागच्या थंडीत. नाही, म्हणून नाही. मन हलकं व्हावं म्हणूनही नाही — हलकं व्हायचा मला काही हक्क आहे असं मला वाटत नाही. सांगते आहे, एवढंच. तुम्ही ऐका. मध्येच ‘अगं, असं होतंच’ म्हणू नका, म्हणजे झालं.

आधी यादीचं सांगते. यादीपासून सुरू केलं की मला जरा सोपं जातं, कारण यादीत मी हुशार दिसते.

आम्ही नागपुरात, नंदनवनला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मी मिहानमधल्या एका कंपनीत आकडेवारीचं काम करते — आलेली माहिती रकान्यांत घालायची, तिला गुण द्यायचे, वरखाली लावायची. त्या वर्षी माझ्या अन्वीचा पहिलीचा प्रवेश होता. पहिलीचा प्रवेश म्हणजे आमच्याकडे पोरीचं स्थळ पाहण्यासारखंच असतं. कोण काय म्हणतं, कुणाच्या ओळखीनं होतं, तिथं कोणत्या घरची मुलं जातात. आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर तेच चालायचं. शेवटी मी चिडून लिहिलं, थांबा गं सगळ्या, मी तक्ता करते. असंच आहे माझं. लोकांनी उगाच गोंधळ घातला की माझा हात शिवशिवतो.

दोन शनिवार मी स्कूटी घेऊन फिरले. आमच्या भागातल्या आणि थेट धरमपेठेपर्यंत जिथं जिथं बस जाते अशा नऊ शाळा घेतल्या. एका शिक्षकामागे मुलं किती, मैदान आहे का, प्यायच्या पाण्याला नळ आहेत का, मुलींचा संडास उघडा असतो की कुलूप, शिष्यवृत्तीला कुणी बसतं का, घरापासून अंतर — सगळे रकाने. मेहनत खरी केली हो. त्यात खोट नाही. गुण दिले, बेरीज केली, क्रम लावला.

आणि नाल्यामागची सरकारी शाळा चौथी आली.

मराठी माध्यमाची, सातवीपर्यंतची, पिवळ्या भिंतींची, जिच्या फाटकाला बिजागरी एकच आहे ती शाळा. नऊपैकी चौथी! मी तीनदा बेरीज तपासली. चूक नव्हती. मुलं थोडी, म्हणून एका बाईंच्या वाट्याला थोडी. मैदान एवढं मोठं की धरमपेठेतल्या शाळेनं हेवा करावा, आणि त्यात चार कडुनिंब. नळाला पाणी. लागोपाठ दोन वर्षं शिष्यवृत्तीत मुलं आलेली, कारण तिथल्या हेडबाई — बोरकरबाई — शाळा सुटल्यावर पोरांना थांबवून घ्यायच्या आणि घरून आणलेले मुरमुरे चारून गणितं करून घ्यायच्या.

हे मुरमुऱ्यांचं मला कसं माहीत? बघा, इथंच येऊन मी नेहमी थांबते.

मला माहीत आहे कारण ते मुरमुरे मी खाल्लेले आहेत. पहिली ते सातवी मी त्या शाळेत होते. पाचवीच्या वर्गात खिडकीच्या बाजूला छत गळतं, तिथं बाक सरकवून बसावं लागतं, हे पाहायला मला आत जायची गरज नव्हती. नाल्यामागची वस्ती हे माझं माहेर. माझी आई अजून तिथंच राहते. माझ्या घरून स्कूटीवर दहा मिनिटं.

आणि बिल्डिंगमध्ये हे कुणालाही माहीत नाही.

राहायला आलो तेव्हा पहिल्याच हळदीकुंकवाला कुणीतरी विचारलं, माहेर कुठलं? मी म्हटलं, सावनेर. सावनेर माझ्या नवऱ्याचं गाव, प्रशांतचं. तोंडातून निघून गेलं — असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. निघून कसलं जातं? मी जिना चढतानाच ठरवून ठेवलं होतं. बायका हसल्या, सासर-माहेर एकाच गावात, मांडवसुद्धा एकच का? मीही हसले. लग्नाआधीचं आडनाव तर कुणी विचारण्याआधीच मी टाळायला शिकले होते, कारण नागपुरात आडनाव सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. कॉलेजातच मी ‘मले-तुले’ सोडलं होतं. हापिसात तर माझं बोलणं ऐकून एकानं विचारलं होतं, तुम्ही पुण्याच्या का? केवढा आनंद झाला होता मला त्या दिवशी.

प्रशांतला अर्थात माहीत होतं, तो त्या वस्तीत येऊनच मला मागणी घालून गेला. सावनेरचं ऐकल्यावर तो एवढंच म्हणाला, “तुले बरं वाटते ना, मग सांग.” आई माझ्या घरी फार येत नसे. लिफ्टमध्ये जीव घाबरतो म्हणायची. खरंच घाबरत असेल का? मी कधी विचारलं नाही. मला ते सोयीचं होतं, म्हणून मीच दर रविवारी तिच्याकडे जायचे आणि बिल्डिंगमध्ये सांगायचे की पार्लरला जाते.

तर आता तो तक्ता माझ्यासमोर, आणि माझी शाळा चौथी. मला आनंद व्हायला हवा होता ना? ज्या खोलीत शिकले तिनं दोन-दोन मजली, एसी लावलेल्या शाळांना मागं टाकलं. कुणाला सांगून नाचावं अशी गोष्ट. मला मात्र घाम फुटला. समोरच्या फ्लॅटमधल्या ममता वहिनी नक्की विचारणार — चौथी? ती नाल्यामागची? तुम्ही आत जाऊन पाहिली का हो? आणि मग मला त्या शाळेची बाजू घेऊन बोलावं लागेल. बोलायला लागले की मी थांबत नाही. मुरमुरे येतील, कडुनिंब येतील, आणि कुठंतरी एक ‘आमच्या शाळेत’ निसटेल.

म्हणून मी आणखी एक रकाना काढला. सगळ्यात शेवटी. वर लिहिलं — ‘वातावरण : मुलं कोणत्या घरांतून येतात’. त्याला गुण ठेवले वीस. बाकी आठ शाळांना अंदाजानं भरले, फाटकाशी कोणत्या गाड्या थांबतात त्यावरून. कुणाला बारा, कुणाला पंधरा, धरमपेठेच्या शाळेला अठरा. आणि माझ्या शाळेला शून्य. शेऱ्यात तीन शब्द टाकले — ‘बहुतेक वस्तीची मुलं’. शाळा चौथ्यावरून नवव्या नंबरवर गेली. शेवटची.

प्रशांत मागं उभा होता. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. “शून्य? काहून?” मी म्हटलं, त्याची एक पद्धत असते. तो म्हणाला, “चार-पाच तरी दे वं,” आणि कूलरमध्ये पाणी भरायला निघून गेला. त्याला एवढंच माहीत आहे. ही त्याची अर्धी गोष्ट.

मी शून्यच ठेवलं. चार दिले असते तरी शाळा शेवटचीच राहिली असती, मग शून्य कशाला? तुम्हीच सांगा. मला वाटतं, मला कुणी ओळखूच नये एवढं दूर जायचं होतं.

यादी ग्रुपवर टाकली. काय कौतुक झालं माझं! ‘वहिनी, तुम्ही तर कमाल केली.’ यादी इकडं गेली, तिकडं गेली. चौकातल्या झेरॉक्सवाल्यानं तिची प्रत काढून काचेला चिकटवली, गिऱ्हाईक सारखं विचारतं म्हणून. मी येता-जाता पाहायचे आणि मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट मात्र आकडेवारीवालीच्या लक्षात आली नाही. आमच्या बिल्डिंगमधलं मूल तसंही त्या शाळेत कधी जाणारच नव्हतं. ती काचेवरची यादी वाचली टेलरनं, ऑटोवाल्यानं, इस्त्रीवाल्यानं, पोळ्या करणाऱ्या बायांनी. ज्यांची मुलं त्या शाळेत होती त्यांनी. ‘बहुतेक वस्तीची मुलं’ हे त्यांनी आपल्याच लेकरांबद्दल वाचलं, आणि वस्तीच्या मुलांत आपलं मूल बसू नये असं वस्तीतल्या माणसाला सगळ्यात जास्त वाटतं. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? मी तर त्याचं चालतं-बोलतं उदाहरण. पीठगिरणीच्या वर दोन खोल्यांत एक कॉन्व्हेंट होती — आमच्याकडे मुलाच्या गळ्यात टाय बांधला की कॉन्व्हेंट — तिथं एक गेलं, दोन गेली, होळीपर्यंत पिवळ्या शाळेचे बाक रिकामे व्हायला लागले.

एका रविवारी आईकडे जेवत होते. ती भाकरी वाढताना म्हणाली, “बाईची शाळा उठते म्हनतात वं. वीस पोट्टे नाही भरले त जूनमधी बंद. कोनंतरी काही छापलं म्हने.” मी म्हटलं, हो का? आणि भाजी मागितली. आठवतं मला, दोडक्याची होती.

मग मे आला. आमच्याकडे मे महिन्यात मास्तर-बाया पोरं मागत फिरतात, तुम्हाला माहीत असेल. हातात हजेरीबुक, दारोदार — तुमच्याकडे कुणी सहा वर्षांचं आहे का, आमच्या शाळेत घाला, वह्या देतो, गणवेश देतो. लोक दार अर्धंच उघडतात. माझ्या लहानपणी आया पोरांना हाताला धरून बाईंकडे आणायच्या; आता बाई निघाल्या होत्या.

दुपारची साडेबाराची वेळ. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही असं ऊन. माझ्या हॉलमध्ये ममता वहिनी आणि आणखी दोघी बसल्या होत्या, गणवेश कुठून शिवायचे ते ठरवत. कूलर सुरू होता. बेल वाजली.

दारात बोरकरबाई.

मी वीस वर्षांनी त्यांना एवढ्या जवळून पाहत होते. वस्तीत त्या दिसल्या की मी गल्ली बदलायचे. केस पांढरे, डोक्यावर ओला पदर, तोंड लालबुंद, खांद्याच्या पिशवीतून कांद्याचा वास — ऊन लागू नये म्हणून त्या आधीपासूनच कांदा ठेवायच्या. हातात हजेरीबुक आणि त्यात घडी घातलेली माझी यादी.

“मी भांडायले नाही आली जी,” त्या म्हणाल्या. “ही यादी या घरून निघाली म्हणून लोकं सांगून राहिले. कोनं केली ती पोरगी हुशार आहे. बाकी सगळं बरोबर लिवलं आहे, फिरून पाह्यलं दिसते. फक्त हे वातावरनाले शून्य — हे काहून? एकदा आत येऊन पाहून जा ना. मले वीस पाहिजेत, सतरा आहेत. तीनच कमी पडून राहिले.”

मी दार अर्धंच धरून उभी होते. त्यांची नजर माझ्या हनुवटीवर गेली. तिथं एक खूण आहे. तिसरीत शाळेच्या नळावर घसरून पडले होते. बाईंनीच स्वतःच्या पदरानं दाबून धरून मला दवाखान्यात नेलं होतं. त्यांचं तोंड असं उजळलं — काय सांगू तुम्हाला. कुणी एवढं माझ्याकडे पाहून खूश झालेलं मला आठवत नाही.

“तू विमलची पोरगी ना वं?”

मागं तिघी बसलेल्या. कूलरची घरघर. किती वेळ गेला असेल? एक श्वास.

“नाही,” मी म्हटलं. “माझं माहेर सावनेर. तुमचा काहीतरी गैरसमज होतोय.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, शाळेत त्या छडी हातात न घेता नुसत्या ‘काय गं?’ म्हणाल्या तरी आमची गाळण उडायची. त्यांनी यादीची घडी घातली, हजेरीबुकात ठेवली.

“हाव? मग चुकलंच माझं,” त्या म्हणाल्या. “मोतीबिंदू आहे. माफ करा जी ताई.”

मला माझ्या बाई ताई म्हणाल्या.

तेवढ्यात ममता वहिनी उठल्या. हे मला सांगायलाच हवं, कारण इतकी वर्षं मी ज्यांच्या भीतीनं खोटं बोलले त्याच त्या. त्या म्हणाल्या, “बाई, केवढ्या उन्हात फिरताय, पाणी घ्या ना थोडं.” आणि त्या माझ्या स्वयंपाकघराकडे निघाल्यासुद्धा. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, राहू द्या वहिनी, त्यांना अजून बरीच घरं फिरायची असतील.

आणि दार लावलं. कूलरची थंड हवा जात होती.

नागपूरच्या मे महिन्यात दारी आलेल्याला पाणी विचारत नाही असं घर मी पाहिलेलं नाही. आमच्या वस्तीत तर दारात माठच असायचा. आणि पाणी कुणी कुणाला नाकारलं, याची गोष्ट ज्या घरात लहानपणापासून ऐकवतात, त्या घरची मी मुलगी. मी नाकारलं. मला कुणी भाग पाडलं नव्हतं. उलट पाणी द्यायला उठलेल्या बाईचा हात मी धरला.

इथं संपलं असतं तरी एक वेळ — पण नाही संपलं. ममता वहिनी परत बसल्या आणि म्हणाल्या, “बिचारी. काय हो, खरंच एवढी वाईट आहे का ती शाळा? आमच्या रेखाच्या जुळ्या पोरी आहेत पहिलीच्या. आणि खालच्या वॉचमनची एक. तिघींना तिथं घालावं म्हणत होते मी, जवळ पडते. तुम्ही पाहून आलात, तुम्ही सांगा.”

रेखा म्हणजे त्यांच्याकडे स्वयंपाक करणारी. दोन तिच्या आणि एक वॉचमनची. किती झाल्या? मोजायचंच काम मी करते. बाई अजून जिन्यातच असतील. लिफ्ट त्यांनी घेतली नव्हती, चपलेचा आवाज येत होता. दार उघडून हाक मारली असती तर दुसऱ्या मजल्यावरून वळल्या असत्या. आपली चूक झाली म्हणायचीसुद्धा गरज नव्हती. ‘शाळा चांगली आहे वहिनी’ एवढं पुरलं असतं. चार शब्द.

मी म्हटलं, “मी तर यादीत लिहिलंच आहे.”

तिघी पोरी गिरणीवरच्या कॉन्व्हेंटमध्ये गेल्या.

जूनमध्ये शाळा उघडली ती कुलूप लावण्यापुरती. सतरा मुलांना रिंग रोडपलीकडच्या शाळेत जोडून दिलं. कागदावर सगळं नीट होतं, एकही मूल शाळेबाहेर नाही. मोठी पोरं गेली चालत. लहानांना ट्रकांच्या रस्त्यावरून कोण सोडणार? आईच्या शेजारी कांता राहते, सकाळी सातला कामावर जाते. तिची साक्षी दुसरीत होती. कांता म्हणाली, थोडी मोठी झाली की पाठवू. मग तिच्या धाकट्याला सांभाळायला कुणी हवं होतं. मग राहूनच गेलं. आता ती चौदाच्या घरात आहे, आईबरोबर भांडी घासायला जाते. मागच्या महिन्यात तिनं माझ्यापुढं शिलाईच्या क्लासचा एक कागद धरला आणि म्हणाली, “काकू, याच्यात काय लिवलं आहे, वाचून देता का?” मी वाचून दिलं. तिनं दोनदा वाचायला लावलं, पाठ करून घ्यायला.

मी तिला शिकवायला बसले का? दोन रविवार बसले. मग अन्वीची परीक्षा आली. हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. झालं ते सांगते आहे.

आता आईचं राहिलं. तिला ही गोष्ट उलटी माहीत आहे म्हटलं ना मी, तेच.

शाळेला कुलूप लागल्यानंतरचा दुसरा का तिसरा रविवार होता. मी आईकडे गेले तर ती न्हाऊन-धुऊन, चांगलं पातळ नेसून माझी वाटच पाहत बसली होती. भिंतीवरच्या फोटोखालच्या फळीवरून तिनं एक प्लास्टिकची पिशवी काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. आत माझी टीसी. शाळा सोडल्याच्या दाखल्याची नवी प्रत. बोरकरबाई घरी येऊन देऊन गेल्या होत्या. अर्जही त्यांनीच लिहिला होता, आईची सही घेतली होती.

“बाई म्हने,” आई सांगत होती, “आता शाळेचे सगळे कागद पलीकडच्या शाळेत जातीन. पुढं तुमच्या पोरीले दाखला लागला त तिले तिथं जाऊन, अनोळखी लोकायसमोर सांगा लागीन, मी कोनाची, कुठली. तिले ते जड जाईन. म्हनून मीच काढून आनला.”

मी दाखला पाहत होते. बाईंचं अक्षर, तेच, डावीकडे झुकलेलं. विद्यार्थिनीचं नाव. आईचं नाव — विमल. जात. जन्मस्थळ — नागपूर. जे जे मी बारा वर्षं लपवत आले ते ते एकेका रकान्यात नीट भरलेलं. आणि खाली ‘वर्तणूक’ असा रकाना असतो, सगळ्यांच्याच दाखल्यावर असतो. त्यात बाईंनी लिहिलं होतं — उत्तम.

त्या दिवशी दारातून परत गेल्यावर हे लिहिलं होतं त्यांनी. तारीख होती खाली.

मी मान वर केली नाही. आईला वाटलं, मला शाळेची आठवण येते आहे. ती माझ्याजवळ सरकून बसली. तिचा आवाज असा झाला होता, जसा माझा पहिला पगार तिच्या हातात ठेवला तेव्हा झाला होता.

“बाईनं मले सगळं सांगतलं वं,” ती म्हणाली.

मी दाखला परत पिशवीत सरकवू लागले.

“तुझ्या घरी आलत्या म्हने उन्हाच्या. दारातच वळखलं म्हने तू. लोकं बसले होते, तरी सगळ्यायसमोर सांगतलं, ह्या माह्या बाई. आत बसवलं, माठातलं थंड पानी देलं, चहा पाजला. बाई म्हने, विमल, तू पोरगी चांगली वाढवली.” आईनं डोळे पुसले. मग माझ्याकडे पाहिलं. “खरंच वं? वळखलं तू बाईले?”

“हो,” मी म्हटलं.

“लोकायसमोर?”

“हो.”

“आनि चहा कसा देला? बाईले शुगर आहे आता, साखर चालत नाही त्यायले.”

“बिनसाखरेचाच दिला,” मी म्हटलं.

“बरं केलं,” आई म्हणाली, आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला.